रिकाम्या घरातला करंट

येळवशीच्या दिवशी अहमदपुरात कुणी मेलंच, तर खांदा द्यायला गल्लीत चार माणसं सापडायची नाहीत. मार्गशीर्षातली ही अमावस्या उजाडली, की अख्खा लातूर जिल्हा घरं बंद करून शेतात जेवायला जातो. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे, भाज्या-शेंगांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, आंबील असा नैवेद्य शेताला दाखवायचा आणि मग आल्यागेल्याला हाताला धरून पंगतीला बसवायचं. ज्याला शेत नाही त्याला आमंत्रणं चार असतात. गावात उरतात ती कुत्री, आणि तीसुद्धा दुपारपर्यंत कुठल्यातरी टेम्पोमागं निघून गेलेली असतात.

नांदेडला मात्र त्या दिवशी तनुजाचं ऑफिस चालू होतं. विमा कंपनीच्या त्या कार्यालयात वरचे साहेब नेमके आजच येणार म्हणून रजा नामंजूर झाली होती. सकाळी नऊला तिनं अहमदपूरला अप्पांना पहिला फोन केला. साडेअकरापर्यंत सतरा झाले. रिंग जात होती, उचलत कुणी नव्हतं.

गुरुलिंगअप्पा म्हणजे तिचे वडील. वय बहात्तर. चौतीस वर्षं लाईनमन म्हणून खांबांवर चढण्यात गेली, त्यामुळं अजून गल्लीत कुणाचा फ्यूज उडाला तरी आधी त्यांना हाक येते. गेल्या श्रावणात तनुजाची आई, शिवकांताबाई, गेली आणि अप्पा घरात एकटे उरले. कार्तिकात एक दिवस शेतावर गेले असताना चक्कर येऊन बांधाला पडले. बटईनं शेत करणारा वैजनाथ दीड तासानं तिकडून गेला म्हणून सापडले. तेव्हापासून तनुजानं नियम लावले होते. फोन खिशात ठेवायचा. रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही. घराला आत-बाहेरून एकाच चावीनं उघडणारं लॅच बसवायचं आणि दुसरी चावी समोरच्या खाजाचाचांकडं द्यायची. शेतात एकट्यानं जायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम कॉम्प्युटरचा होता.

हा कॉम्प्युटर टाळेबंदीतला. तनुजानं माहेरी राहून आठ महिने त्याच्यावर काम केलं होतं. आता त्याच्या डोक्यावर तिनं कॅमेरा बसवला होता. कॉम्प्युटर बंद केला तरी तो पुरता झोपत नाही. भिंतीतला करंट चालू असला, तर त्याचा एक कान उघडा राहतो. नांदेडहून तनुजानं फोनवरचं एक बटण दाबलं, की घरातला राउटर त्याला हाक मारायचा, तो उठायचा, आणि तिला फोनवर बैठकीची खोली दिसायची. तिचा आवाज तिकडं ऐकू जायचा, तिकडचा इकडं.

"तुझी आई मला हाका मारू मारू उठवायची," अप्पा तेव्हा म्हणाले होते. "आता तू ह्या डबड्याला नांदेडहून हाका मारती. चालू दे."

पण माणूस शिस्तीचा. रोज संध्याकाळी सहाला ते कॅमेऱ्यापुढं येऊन बसायचे आणि त्याला हजेरी म्हणायचे. दुपारी कधी तिनं सहज बघितलं, तर खिडकीकडं तोंड केलेल्या खुर्चीत अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, मान खाली घालून डुलक्या काढताना दिसायचे. ती आवाज न करता बंद करून टाकायची.

काल सहाच्या हजेरीला ती म्हणाली होती, "उद्या शेतात जायचं नाही हं अप्पा. वैजनाथ करील पूजा. तुम्ही घरीच थांबा."

अप्पांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बरं."

"आणि जेवण?"

"जात न्हाई. दोन दिस झाले, छातीत जड जड वाटून राहिलंय."

खरं तर त्या 'बरं'चाच संशय यायला हवा होता. उभ्या जन्मात वाद न घालता अप्पांनी बरं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. पण तनुजाच्या कानात घुसलं ते छातीचं. रात्रभर तेच घोळत राहिलं.

तिनं बटण दाबलं. राउटरला स्वतःची छोटी बॅटरी होती, तो जागा होता. त्यानं हाक मारली. कॉम्प्युटर उठला नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा दाबलं. फोनच्या पडद्यावर कॉम्प्युटरच्या नावापुढचा ठिपका राखाडीचा हिरवा होईना. वैजनाथ अप्पांच्याच शेतात, ओढ्याकाठी, तिथं रेंज हवी तर विहिरीच्या कठड्यावर चढून उभं राहावं लागतं, आणि येळवशीच्या दिवशी कोण चढतंय! गल्लीतली सगळी नावं तिनं फोनमध्ये शोधून काढली. सहा जणांनी उचलले, सहाही जण कुठल्या ना कुठल्या शेतात, तोंडात घास.

ती साहेबांच्या खोलीत गेली, वडील आजारी आहेत एवढंच म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता पर्स उचलून निघाली. सव्वाबाराच्या लातूर गाडीत बसली तेव्हा कुठं खाजाचाचांचा फोन लागला. खाजाचाचा पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं काम करतात. ते आणि बिलकीसचाची चाकूर रोडला दोस्ताच्या शेतात गेले होते.

"बेटा, घाबरू नको," खाजाचाचा म्हणाले. "माझी गाडी पाणी आनायला नेलीय पोरांनी. आली की निगतोच मी."

"चाचा, चावी आहे ना?"

"चावी घरी हाय. घेतो, उघडतो, तुला फोन करतो. अल्ला खैर करंल."

गाडी निम्मी रिकामी होती. तनुजा खिडकीशी बसली आणि बटण दाबत राहिली. दाबायचं, वीस आकडे मोजायचे, पुन्हा दाबायचं. शेजारी टोपलं मांडीवर घेऊन बसलेली एक म्हातारी तिच्याकडं बघत होती. टोपल्यावर पांढरा धडपा, आणि आतून भज्जीचा वास. तो वास आला तसं तनुजाला रडूच कोसळायला आलं. आईच्या हातची भज्जी खाण्यासाठी अप्पा आदल्या रात्री उपाशी राहायचे. आणि आपण त्यांना सांगितलं, घरीच थांबा.

लोह्याला गाडी थांबली. रस्त्याकडेच्या एका घरातली मंडळी टेम्पोत चढत होती. सगळे बसले, टेम्पो सुरू झाला, आणि एक बाई ओरडून खाली उतरली. कुलूप काढून आत पळाली, परत आली आणि हसत म्हणाली, "गॅस बंद केलता."

तनुजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेन!

अप्पांचा एक नियम होता, तनुजाच्या सगळ्या नियमांपेक्षा जुना. रिकाम्या घरात करंट ठेवायचा न्हाई. नोकरीला लागले त्या साली त्यांनी एक बंद घर आतून जळताना पाहिलं होतं. मालक लग्नाला गेलेला, पंखा चालू राहिलेला. तेव्हापासून घराबाहेर पडताना शेवटचं काम म्हणजे मेन स्विच खाली ओढणं. दळण आणायला निघाले तरी मेन खाली. फ्रीजमधलं दूध नासतं म्हणून आई जन्मभर भांडली, पण नियम हलला नाही. घरात असले तर मेन चालू, बाहेर पडले तर बंद. म्हणजे कॉम्प्युटर उठत नाही, याचा अर्थ मेन बंद आहे. मेन बंद आहे, म्हणजे अप्पा बाहेर गेलेत. स्वतःच्या पायांनी, कुलूपबिलूप बघून, नीट गेलेत.

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच खाजाचाचांना फोन लावला.

"चाचा, येऊ नका. अप्पा घरात नाहीत. मेन पाडून गेलेत, म्हणून तो कॉम्प्युटर उठत नाही."

"हाव? मी आताच गाडीला किक मारली होती." खाजाचाचा मोठ्यानं हसले. "मंग शेतातच गेले असतील ते, दुसरं कुठं जातेत! मी जातो पंगतीला. तू बी आरामात ये."

आनंद दोन मिनिटं टिकला. मग तिला राग आला. इतकं सांगून गेलेच शेवटी! फोन सुद्धा घरी टाकून गेले! बांधाला पडले तर पुन्हा दीड तास कोण बघणार आहे? भेटल्यावर काय काय बोलायचं याची तिनं मनात उजळणी केली. जोरकस वाक्यं शेवटाला ठेवली. माळाकोळी आली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेताशेतात कडब्याच्या कोपी दिसत होत्या, माणसं झाडाखाली गोल करून बसली होती. आता नाद म्हणून, खात्री म्हणून, तिनं परत एकदा बटण दाबलं.

ठिपका हिरवा झाला.

तनुजाला आधी कळेचना. मग सगळं एकदम कळलं. सकाळपासून लाईट गेली होती. एवढी साधी गोष्ट. आता लाईट आली, आणि कॉम्प्युटर उठला. म्हणजे मेन चालूच होता, सकाळपासून चालूच होता. अप्पा घरात होते. घरात असून फोन उचलत नव्हते. आणि तिनं खाजाचाचांना स्वतःच्या तोंडानं परत पाठवलं होतं.

कॅमेरा लागला. बैठकीची खोली दिसली. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत पाठमोरे अप्पा. अंगावर चॉकलेटी शाल, डोक्याला कानटोपी, मान उजवीकडं कललेली.

"अप्पा!" ती ओरडली. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. "अप्पा, मी तनू!"

अप्पा हलले नाहीत. तिनं शेजारच्या म्हातारीचा फोन मागून घेतला आणि अप्पांचा नंबर लावला. खोलीत, टीव्हीच्या टेबलावर, अप्पांचा फोन वाजताना तिला ऐकू आला. वाजून वाजून बंद झाला. अप्पांची मान तशीच होती. शाल वरखाली होते का ते ती डोळे फाडून बघत होती, पण चित्र इतकं भुरकट की काही समजेना. क्षणभर वाटायचं, हलली. क्षणात वाटायचं, गाडीच हादरतेय.

म्हातारीच्याच फोनवरून तिनं खाजाचाचांना लावला. त्यांनी तिचा आवाज ऐकला आणि काही विचारलंच नाही. "निगालो," एवढंच म्हणाले.

ती पंचवीस मिनिटं तनुजानं कशी काढली हे तिलाच माहीत. कंडक्टर येऊन उभा राहिला, पाण्याची बाटली देऊन गेला. म्हातारीनं तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तनुजा कॉम्प्युटरमधून बोलत होती. अप्पा, उठा. अप्पा, मी चुकले. शेतात जा तुम्ही, रोज जा, मी कधी काही म्हणणार नाही. कॅमेरा काढून टाकते. फक्त मान वर करा. पाठमोरी कानटोपी शांतपणे ऐकून घेत होती. इतकं निमूट ऐकणारे अप्पा तिनं जन्मात पाहिले नव्हते, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

लॅचचा खट असा आवाज आला. पडद्यात खाजाचाचा शिरले. दारातच थबकले, हळू पावलांनी खुर्चीजवळ गेले. "अप्पा," म्हणाले. उत्तर नाही. त्यांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि खांद्यावर हात ठेवला.

डोकं गळून खाली पडलं.

तनुजाची किंकाळी ऐकून ड्रायव्हरनं ब्रेक मारला. तिकडं खाजाचाचा वाकून जमिनीवर बघत होते. मग त्यांनी ते डोकं उचललं, कानटोपी ओढून काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरलं.

"बेटा," ते म्हणाले, "उशी हाय."

शालीखाली दुसरी उशी होती, तिच्याखाली गुंडाळलेली सतरंजी. खाजाचाचा घरभर फिरून आले. न्हाणी रिकामी, मागचं अंगण रिकामं. चपला नाहीत. पितळी डबा नाही, आंबिलीचं मडकं नाही. ओट्यावर करपलेल्या बेसनाची कढई पालथी न घालता तशीच टाकलेली.

"शेतातच गेले," खाजाचाचा म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि ते डोळे बाहीनं पुसत होते. "तुला दाखवायला बुजगावनं बसवून गेले बघ. लाईटीनं घोटाळा केला, न्हाईतर तुला वाटलं असतं, झोपलेत." मग त्यांची नजर दारामागच्या भिंतीकडं गेली आणि हसू थांबलं. "पन तनू, मेन चालू हाय. अप्पा मेन चालू ठेवून गेले?"

तनुजाला उमगलं. मेन बंद असता तर कॉम्प्युटर उठला नसता आणि तिला कळलं असतं. म्हणून चालू. तिला फसवायला त्या माणसानं पन्नास वर्षांचा नियम मोडला होता.

"बंद करा चाचा," ती म्हणाली. खाजाचाचांचा हात दारामागं गेला आणि पडदा काळा झाला.

अहमदपूरच्या अलीकडच्या फाट्यावर ती उतरली. म्हातारीनं तिच्या हातात भज्जीचा एक मुटका ठेवला होता, तो तसाच मुठीत धरून ती बांधाबांधानं चालत राहिली. हरभरा घाट्यांवर आला होता. मनात उजळणी केलेली वाक्यं सगळी तयार होती, त्यात दोन नवीन भरली होती.

कोप ओढ्याच्या वरच्या अंगाला होती. वैजनाथची मंडळी जेवून लिंबाखाली आडवी झाली होती. अप्पा एकटेच कोपीपुढं येरझाऱ्या घालत होते. कपाळावर भस्म, धोतराला आंबिलीचे शिंतोडे. चार पावलं जायचे, थांबायचे, अहमदपूरच्या बाजूला बघायचे, परत फिरायचे. पुढ्यात केळीच्या पानावर वाढलेलं ताट तसंच होतं. वर बसलेली माशीसुद्धा कुणी हाकलली नव्हती.

तनुजाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. लाज नाही, भीती नाही. ते जवळजवळ पळतच पुढं आले.

"आलीस? लई बरं झालं! घराकडनं आलीस का? मेन बंद केलास का?"

तनुजा कोपीपुढं चपला काढायला वाकली.

"अगं, बोल की! मेन बंद हाय का न्हाई?" अप्पांनी तिचा हात धरला. हात गार पडला होता. "सकाळच्याला चालू ठिवून आलो मी. शिवकांताच्या फोटोला साक्ष ठिवून आलो, पन इथं आल्यापासून जीव थाऱ्यावर न्हाई. पूजा केली, ध्यान न्हाई. घास तोंडाजवळ नेला, की घर जळताना दिसायलंय. वैजनाथची गाडी मागावी म्हनलं, तर तो झोपलाय. पन्नास वर्षांत असं कधी केलं न्हाई ग मी."

जोरकस वाक्यांपैकी एकही तिला आठवेना. "खाजाचाचांनी बंद केला," ती म्हणाली.

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांदेखत."

अप्पा मटकन खाली बसले.  मग त्यांच्या ध्यानात आलं. "खाजा कशाला गेला घरी?"

तिनं सांगितलं. सतरा फोन, लाईट, कॅमेरा, खांदा, उशी. सांगता सांगता ती मोठमोठ्यानं रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. "मला वाटलं तुम्ही गेलात, अप्पा. अर्धा तास मी तुम्हाला मेलेलं बघत होते."

वैजनाथची बायको उठून बसली आणि परत तोंडावर पदर घेऊन पडून राहिली. अप्पा हातातल्या काडीनं मातीत रेघा ओढत होते.

"लाईट जाईल हे ध्यानातच आलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "लाईनमन मी, अन् माझ्याच ध्यानात आलं न्हाई. चुकलं माझं. लई चुकलं." मग पाच दगडांकडं बघत म्हणाले, "पन तनू, तुझ्या आईनं बेचाळीस वर्षं ह्या शेताला जेवू घातलं. ती गेली त्याच साली मी घरात बसून डुलक्या काढायच्या? कसं सांगू तुला. छातीत जड वाटतंय म्हनलो, ते दुसरं काय होतं?"

तनुजा त्यांच्याजवळ बसली. अर्धा तास आपण भोगलं, त्यांनी सकाळपासून. तिनं ताट पुढं ओढून एक घास घेतला. भज्जी करपलेली, मीठ दुप्पट, आणि चिंच घालायची ते पुरते विसरले होते.

"कशी झालीया?"

"वाईट," ती म्हणाली आणि दुसरा घास त्यांच्या तोंडाशी धरला. मुठीतला म्हातारीचा मुटका तिनं पानावर ठेवला. तो दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला, तो चांगला होता.

जेवण झाल्यावर सवयीनं तिचा हात फोनकडं गेला. विहिरीच्या कठड्यावर चढून तिनं रेंज पकडली आणि बटण दाबलं. अप्पा खालून मान वर करून बघत होते.

"उठला का?"

ठिपका राखाडी होता. तिनं वीस आकडे मोजले, परत एकदा दाबलं, परत वीस मोजले.

"नाही उठला."

"मंग बरोबर हाय," अप्पा म्हणाले, आणि तिला खाली उतरायला हात दिला.